टॉर्चमध्ये किती करंट सोडावा? उजेड, उष्णता आणि सेलचा हिशोब

रब्बीत हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि लाईटची पाळी रात्रीची येते. मग परभणी काय, हिंगोली काय, बीड काय, माणूस एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात टॉर्च घेऊनच रानात जातो. त्यामुळे आपल्याकडे टॉर्च ही हौसेची वस्तू नाही. मोंढ्यातल्या दुकानात तिच्या खोक्यावर 'दहा हजार ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलेलं असतं, गिऱ्हाईकही 'सगळ्यात जास्त फोकस मारणारी दे' एवढंच विचारतं. ती घरी आणली की पहिली पाच मिनिटं लख्ख चालते, मग हाताला चटका देते आणि अर्धं वावर भिजायच्या आत पिवळी पडते.

दोष बहुतेक वेळा एलईडीचा नसतो. तिच्यातून गरजेपेक्षा जास्त करंट सोडलेला असतो. एलईडीला शेवटचा दीड-दोन अँपिअर दिला तर उजेड थोडाच वाढतो, उष्णता मात्र भरपूर वाढते. हे स्वतः मोजून कसं बघायचं आणि टॉर्च आपल्या कामाच्या करंटवर कशी आणायची, ते खाली सांगतो. मल्टिमीटर धरता येत असेल आणि थोडं सोल्डरिंग जमत असेल तर पुरे.

आधी एका एलईडीचे आकडे बघू

उदाहरणाला क्री कंपनीची एक्सएम-एल घेऊ. ही २०१० च्या अखेरीस जाहीर झाली. तिची आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या नकलांची टॉर्च आजही गावोगाव सापडते. तिच्या टी-६ (उजेडानुसार पाडलेला एक दर्जा) नगाचे आकडे, एलईडी थंड असताना, साधारण असे येतात:

०.३५ अँपिअर: २.८ व्होल्ट, १ वॅट, १५० ल्युमेन, वॅटमागे १५०
०.७ अँपिअर: २.९ व्होल्ट, २ वॅट, २८० ल्युमेन, वॅटमागे १३८
१.५ अँपिअर: ३.१ व्होल्ट, ४.६ वॅट, ५५० ल्युमेन, वॅटमागे ११८
३ अँपिअर: ३.३५ व्होल्ट, १० वॅट, ९०० ल्युमेन, वॅटमागे ९०

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. दीडवरून तीन अँपिअरवर गेलं की ३५० ल्युमेन वाढतात, पण त्यासाठी वरचे साडेपाच वॅट मोजावे लागतात. म्हणजे या वाढीव उजेडाला वॅटमागे ६५ ल्युमेनसुद्धा पडत नाहीत. पहिल्या पाऊण अँपिअरला त्याच्या दुप्पट पडत होते.

उष्णतेचा हिशोब तर याहून वाईट. पांढऱ्या एलईडीत एक वॅट खरोखर प्रकाश झाला तर साधारण ३०० ल्युमेन मिळतात. त्या मापाने तीन अँपिअरवर दहातले तीन वॅट उजेडात जातात आणि सात वॅट टॉर्चची नळी तापवतात. ०.७ अँपिअरवर उष्णता जेमतेम एक वॅटच्या थोडी वर. उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आला, पण उष्णता सहाव्या हिश्श्यावर. नव्या एलईडींचे आकडे यापेक्षा सरस आहेत, तरी उताराची चाल हीच.

असं का होतं, तेही थोडक्यात. पांढरी एलईडी मुळात निळी असते आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळा करणारा थर, चढवलेला असतो. (या निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) चिपच्या पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटले की प्रकाश निघतो. करंट वाढवला की त्या थरात गर्दी होते आणि दोघांच्या भेटीतली ऊर्जा प्रकाश होण्याऐवजी शेजारच्या तिसऱ्यालाच जाते. शेवटी तिची उष्णता होते. याला ऑजर क्रिया म्हणतात. प्रकाश देणाऱ्या भेटी गर्दीच्या वर्गाने वाढतात, तर ही चोरी घनाने वाढते. करंट अगदीच कमी केला तरी कार्यक्षमता पडते, कारण तिथे चिपमधले दोष वाटा खातात. पण ते काही मिलिअँपिअरच्या पातळीवर; रानातल्या टॉर्चला त्याची काळजी नको.

खरा प्रश्न अँपिअरचा नसून चिपच्या दर चौरस मिलिमीटरला किती अँपिअर, हा आहे. एक्सएम-एलची चिप सुमारे चार चौरस मिलिमीटर, तिची मर्यादा तीन अँपिअर. क्रीच्याच लहान एक्सपी-जी एलईडीची साधारण दोन चौरस मिलिमीटर आणि मर्यादा दीड. म्हणून तीच टॉर्च, तोच करंट, पण आत लहान चिप बसवलेली असेल तर ती लवकर दमते. दुकानदार हे सांगत नाही, बहुतेकांना माहीतही नसतं.

पायरी १: काम काय, ते ठरवा

बांधावरून चालायला आणि पायाखाली बघायला तीस ते पन्नास ल्युमेन पुरतात. दारं धरताना, सरीतलं पाणी फुटलं का बघताना, गवतात फुरसं आहे का हे तपासताना दीडशे-दोनशे हवेत. आपली काळी जमीन उजेड गिळते, ओली झाली की आणखी. मुरमाड रानात भागेल त्यापेक्षा इथे थोडं जास्त लागतं. उसाच्या कडेला रानडुक्कर हललं का हे लांबून बघायचं असेल तर ल्युमेनपेक्षा झोत महत्त्वाचा. खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टर आणि लहान चिप असेल तर कमी करंटमध्येही झोत लांब जातो. करंट चौपट केला तरी झोताचं अंतर दुप्पटही होत नाही, कारण अंतर उजेडाच्या वर्गमुळाने वाढतं आणि उजेड तर करंटच्या मागे पडलेलाच असतो.

डोळ्यांचंही असंच आहे. नऊशेचे साडेचारशे ल्युमेन केले तर 'निम्मं झालं' असं कोणाला वाटत नाही. दोन टॉर्च शेजारी धरल्या तरच फरक कळतो.

रंगाबद्दल एक मत देतो. निळसर पांढऱ्यापेक्षा ४००० ते ५००० केल्विनची किंचित उबदार एलईडी घ्या. ल्युमेन थोडे कमी भरतात, पण वाळल्या पाचटावरचं तपकिरी जनावर वेगळं दिसतं. निळसर उजेडात सगळंच राखाडी होऊन जातं.

पायरी २: उघडून बघा

डोकं फिरवून काढा. आत काच, रिफ्लेक्टर, त्याखाली एलईडी बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची नाहीतर तांब्याची चकती आणि तिच्याखाली ड्रायव्हरची, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या सर्किटची, गोल प्लेट मिळेल. प्लेटवर '७१३५' लिहिलेल्या तीन पायांच्या चिपा ओळीने बसवलेल्या असतील तर तो लिनिअर ड्रायव्हर. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते. आठ असतील तर २.८ अँपिअर. कॉइल आणि शेजारी 'आर१००', 'आर०५०' असं लिहिलेला रेझिस्टर दिसला तर तो स्विचिंग ड्रायव्हर. काहीच नसेल, सेलची तार जवळजवळ थेट एलईडीला गेली असेल, तर करंट सेलच्या मर्जीवर चालतो.

चकती उचलून बघा. स्वस्तातल्या टॉर्चमध्ये ती नुसत्या कडेवर टेकलेली असते आणि मधोमध हवा असते, नाहीतर पांढरं कम्पाउंड खडूसारखं वाळून गेलेलं असतं. सात वॅट उष्णता अशा वाटेने बाहेर जाणार नाही.

पायरी ३: करंट मोजा

साधी पद्धत अशी. मागची टोपी काढा, मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खोबणीत घाला, एक प्रोब सेलच्या मागच्या टोकाला आणि दुसरा नळीच्या उघड्या कडेला लावा. टॉर्च लागते आणि मीटर करंट दाखवतो. मोजून झालं की वायर लगेच व्होल्टच्या खोबणीत परत घाला. विसरून तसाच मीटर व्होल्ट बघायला सेलला लावला तर सरळ शॉर्ट होतो.

मात्र ही पद्धत मोठ्या करंटला फसवते. स्वस्त मीटरच्या वायरीतच एक-दोन दशांश ओहम असतात. तीन अँपिअरला तिथेच तीन ते सहा दशांश व्होल्ट जातात, एलईडीला मिळणारा दाब (व्होल्ट) घटतो आणि मीटर कमी आकडा दाखवतो. मोटारीचे अँपिअर बघायचा क्लॅम्प मीटर घरात असतो, पण तो बहुधा एसीचाच. टॉर्चच्या डीसीला तो शून्य दाखवेल.

यावर घरातल्या वायरीचा उपाय आहे. घराच्या फिटिंगची एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सव्वा मीटर घ्या. तिच्यावर बरोबर एक मीटर अंतरावर दोन जागी इन्सुलेशन सोला. वायरीचं एक टोक सेलच्या मागे आणि दुसरं नळीच्या कडेला दाबून धरा, म्हणजे करंट वायरीतून जाईल. आता मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन सोललेल्या जागांमधला दाब मोजा. अशा वायरीला मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम रोध असतो. ५४ मिलिव्होल्ट आले तर तीन अँपिअर. १२-१३ आले तर ०.७. बारीक तारांच्या लवचिक वायरीत रोध थोडा जास्त भरतो, तेव्हा पाच-सात टक्के इकडेतिकडे धरा. आपल्याला तेवढं चालतं.

सेल पूर्ण भरलेला असताना एकदा मोजा आणि ३.७ व्होल्टवर आल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर ड्रायव्हर नावालाच आहे.

पायरी ४: उजेड मोजा

मोबाईलवर लक्स मोजायचं कोणतंही फुकटचं अ‍ॅप चालेल. त्याचे आकडे खरे ल्युमेन नसतात, पण एका आकड्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च जमिनीवर उभी करून झोत छताकडे सोडा, मोबाईल तीन-चार फुटांवर उताणा ठेवा आणि मग काहीही हलवू नका. पांढरं स्लॅब असेल तर उत्तम; पत्र्याच्या घरात चमक पडते, तिथे वर पांढरी चादर बांधा.

पहिला आकडा अर्ध्या मिनिटाने घ्या, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा दहा मिनिटांनी. प्रत्येक मोडला हेच करा. अर्ध्या मिनिटाचा आकडा सेलचा आणि करंटचा, तर दहा मिनिटांचा उष्णतेचा. एलईडीचं जंक्शन, म्हणजे चिपचा उजेड देणारा आतला भाग, २५ वरून १०० अंशांवर गेलं की उजेड साधारण पंधरा-वीस टक्के घटतो. दहा मिनिटांत याहून जास्त घट असेल आणि करंट तेवढाच असेल, तर चकतीखाली हवा आहे असं समजा.

खालच्या मोडमध्ये पीडब्ल्यूएम आहे का तेही याच वेळी बघा. टॉर्च अंधारात झपकन फिरवा. झोताचे तुकडे तुकडे दिसले, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकले, तर पीडब्ल्यूएम आहे. इथे मोठी गंमत आहे. पीडब्ल्यूएम म्हणजे पूर्ण तीन अँपिअर अतिशय वेगाने चालू-बंद करणं. मीटर सरासरी ०.७ अँपिअर दाखवतो, पण प्रत्येक झटक्यात एलईडी तीन अँपिअरचीच, म्हणजे दमलेलीच असते. उजेड येतो नऊशेच्या प्रमाणात, सुमारे २१०. तोच ०.७ अँपिअर सलग दिला तर २८०. सेल तेवढाच खर्च होऊन तिसऱ्या हिश्श्याने जास्त उजेड. म्हणून टॉर्च घेताना मोड किती आहेत यापेक्षा खालचा मोड सलग करंटचा आहे का, हे विचारावं. दुकानात विचारून उत्तर मिळत नाही. फिरवून बघितलं की मिळतं.

पायरी ५: सेलचा हिशोब मांडा

चांगल्या १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) लिथियम सेलची आजची धाव साधारण ३५०० मिलिअँपिअर-तास. '९९००' छापलेला सेल खोटाच, त्यावर वाद घालायचं कारण नाही. सोनाराच्या काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका निघतो.

३००० मिलिअँपिअर-तासांचा प्रामाणिक सेल धरा. लिनिअर ड्रायव्हरमध्ये एलईडीचा करंट तोच सेलचा करंट. उरलेला दाब ड्रायव्हर तापवतो. तिथे वॅट न बघता अँपिअरमागे ल्युमेन बघायचे: तीन अँपिअरला ३००, ०.७ ला ४००, ०.३५ ला ४३०. सेल अनुक्रमे एक तास, चार तासांच्या वर आणि साडेआठ तास. स्विचिंग ड्रायव्हर चांगला असेल तर दाबाची बचतही सेलला परत मिळते आणि खालच्या करंटचा फायदा आणखी वाढतो. एका सेलच्या टॉर्चमध्ये मात्र सेलचा आणि एलईडीचा दाब इतका जवळ असतो, की साध्या ७१३५ च्या प्लेटलाही नावं ठेवायचं कारण नाही. दुरुस्तीला ती सोपी पडते, एवढ्यासाठी मी तिलाच पसंती देतो.

कमी करंटचा अजून एक फायदा हिशोबात दिसत नाही, रानात दिसतो. तीन अँपिअरला एलईडीला ३.३५ व्होल्ट लागतात, वर ड्रायव्हर, स्प्रिंग आणि स्विच मिळून दोन-तीन दशांश खातात. सेल ३.६ च्या खाली उतरला की उजेड घसरायला लागतो. ०.७ अँपिअरला २.९ पुरतात, म्हणून सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत उजेड एकसारखा राहतो. मोटार बंद करायला पहाटे विहिरीवर जाणाऱ्याला हेच हवं असतं.

पायरी ६: करंट कमी करा

७१३५ ची प्लेट असेल तर काम सोपं. एका सेलच्या, बोटभर जाडीच्या नळीला मी चार चिपा ठेवतो, म्हणजे १.४ अँपिअर आणि पाचशेच्या आसपास ल्युमेन. बाकीच्या सोल्डरिंग गनने काढून टाका. काढताना मधला रुंद पाय आधी गरम करा, घाई केली तर प्लेटवरचा पट्टा उखडतो. मोड सांभाळणारी आठ पायांची लहान चिप असेल तिला हात लावू नका.

स्विचिंग प्लेटवर 'आर१००' चे दोन रेझिस्टर शेजारी जोडलेले असतील तर त्यातला एक काढा; करंट निम्मा होतो. एकच असेल तर त्याच्या जागी दुप्पट ओहमचा, म्हणजे 'आर२००', बसवा.

ड्रायव्हर नसलेली टॉर्च असेल तर नवी प्लेट टाका. तिथे रेझिस्टर घालून भागवता येतं, पण सेल उतरला की उजेडही उतरतो.

पायरी ७: उष्णतेला वाट द्या

चकतीची खालची बाजू आणि ती बसते तो बैठकीचा भाग सँडपेपरने सपाट करा, स्पिरिटने पुसा. हिटसिंक पेस्टचा पातळ थर द्या. जाड थर म्हणजे नुसता अडथळा. अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याची चकती मिळाली आणि एलईडीचा मधला पॅड थेट तांब्यावर सोल्डर होणारा असेल तर मोठा फरक पडतो. चकती स्क्रूने नाहीतर रिफ्लेक्टरच्या दाबाने घट्ट बसली पाहिजे.

मग तपासा. मे महिन्यात आपल्याकडे दुपार बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाते आणि रात्री नऊलाही हवा तिशीच्या वर असते. डिसेंबरात थंड राहिलेली टॉर्च तेव्हा चटका देऊ शकते. दहा मिनिटं चालवून डोक्याला हात लावा. चार-पाच सेकंद धरवत नसेल तर नळी साठ अंशांच्या आसपास आहे, अजून एक चिप काढा. उलट, चालू केल्यावर डोकं गारच राहत असेल आणि एलईडीचा उजेड भरभर पडत असेल, तर उष्णता आतच अडकलीय. गार टॉर्च म्हणजे चांगली टॉर्च, असं नाही.

सेलचीही काळजी घ्या. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी मोटारीच्या पत्र्याच्या खोपीत चार्जिंगला लावायची सवय सोडा. सेल आधी क्षमता घालवतो, आग लागली तर खोपीत स्टार्टरही असतो.

चार व्होल्टच्या जुन्या टॉर्चबद्दल

शिशाच्या बंद बॅटरीवर चालणाऱ्या, मागून पिना बाहेर निघणाऱ्या टॉर्च अजून घराघरात आहेत. त्यात पाच मिलिमीटरच्या गोल एलईडींचा झुबका असतो. त्या प्रत्येकी २० मिलिअँपिअरच्या, पण बऱ्याच टॉर्चमध्ये रेझिस्टर न घालता थेट जोडतात. म्हणून वर्षभरात उजेड निळा-जांभळा होऊन मरतो. झुबका काढून एक वॅटची एक एलईडी, अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर, ३.३ ओहम एक वॅटच्या रेझिस्टरमधून जोडा. बॅटरी ४.१ व्होल्ट आणि एलईडी ३.१ धरली तर ०.३ अँपिअर मिळतो. रेझिस्टरमध्ये तिसरा हिस्सा वॅटही जळत नाही, आणि परसात जायला नाहीतर गोठ्यात बघायला तो उजेड भरपूर होतो.

या टॉर्च उघडताना मात्र सावध राहा. बहुतेकांच्या चार्जिंगमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून थेट आत येतात. पिना बोर्डात असताना आतल्या कुठल्याही तारेला, अगदी एलईडीच्या पायालाही, मेन लाईनचा झटका बसू शकतो. चार्जिंग चालू असताना ती पेटवून बघू नका आणि लेकरांच्या हातात तर देऊच नका. बोर्डातून काढल्यावरही कपॅसिटरवर दाब राहतो. त्याच्यावर समांतर रेझिस्टर आहे का बघा. नसेल तर ४७० किलोओहम, अर्ध्या वॅटचा एक जोडा आणि मगच स्क्रू परत आवळा.